पोलिश शिकून काय करणार ?

वार्षिक अंकाच्या संपादकांनीं माझ्याकडे लेख मागितला, तेव्हां विषयाची निवड त्यांनीं माझ्यावरच सोंपविली. अशा प्रसंगीं आम्हां मास्तरांच्या लेखणीला उपदेशाचा मोह फार होतो. वेळेचा सदुपयोग, सुसंगति, आरोग्य हे विषय हात जोडून उभेच असतात. परंतु गेल्या उन्हाळ्यांत एक प्रश्न माझ्या दाराशीं चालत आला, व त्याला मीं दिलेलें पहिलें उत्तर चुकीचें होतें असें मला मागाहून आढळून आलें. ती हकीकत व तिजवरून सुचलेले विचार विद्यार्थ्यांपुढें, आणि विशेषतः त्यांच्या पालकांपुढें, ठेवावे असें मनांत आहे.

आपल्या शाळेंतून दोन वर्षांपूर्वीं बाहेर पडलेली एक विद्यार्थिनी बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. तिचे वडील फौंड्रींत कामाला आहेत. कष्टाळू व मितभाषी गृहस्थ. एके दिवशीं सायंकाळीं ते घरीं आले, पाणी घेतलें, आणि बराच वेळ टोपीशीं चाळा करून म्हणाले, "सर, पोरगी म्हणते विद्यापीठांत पोलिश भाषा शिकणार. तुमचं ती ऐकते. तुम्हीच तिला चार गोष्टी सांगा. पोलिश शिकून काय करणार ती ?" मीं मान हलविली. मलाहि तसेंच वाटलें. "उद्यां पाठवून द्या, मी बोलतों," असें सांगून त्यांना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशीं मुलगी आली. "पोलिशच कां ? जर्मन कां नाहीं, जपानी कां नाहीं ?" असें मीं विचारलें, तेव्हां तिनें सांगितलें तें असें. तिचे पणजोबा तरुणपणीं वळिवड्याच्या छावणींत पेरू विकावयास जात. पेरू हातीं घेतांना तेथील बाया एक शब्द म्हणत, 'जेंकुये'. पणजोबांनीं तो घरीं आणला. त्यांच्या घरांत आजहि कोणी पाण्याचा तांब्या पुढें केला कीं घेणारा 'जेंकुये' म्हणतो. हा शब्द आपल्याच घरचा, लाडाचा कांहीं असेल, असें तिला लहानपणीं वाटे. नववींत असतांना तिला कळलें कीं, हा पोलिश शब्द आहे व त्याचा अर्थ 'मी आभारी आहें' असा आहे. इतकें सांगून ती म्हणाली, "सर, पांच हजार माणसं आपल्या शेजारीं पांच वर्षं राहिलीं, आणि आमच्या घरीं त्यांचा एक शब्द उरला. बाकीचे शब्द कुठं गेले ?"

मीं तिला समजावयास बोलाविलें होतें. त्या प्रश्नानंतर मला पुढें बोलवेना. "विचार करून सांगतों," एवढेंच मी म्हणालों.

आजच्या मुलांपैकीं पुष्कळांस वळिवड्याची गोष्ट ठाऊक नसेल, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून, व १७ सप्टेंबर रोजीं सोव्हिएत रशियानें पूर्वेकडून पोलंडवर चाल केली व देश आपसांत वांटून घेतला. रशियाच्या ताब्यांत गेलेल्या भागांतून १९४० व १९४१ सालीं लाखों पोलिश लोकांस आगगाडीच्या मालडब्यांत भरून सैबेरिया व कझाकस्तान येथें नेण्यांत आलें. थंडीनें, भुकेनें व रोगानें त्यांतील कितीतरी दगावले. पुढें जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हां ह्या लोकांस सुटका मिळाली, आणि १९४२ सालीं त्यांतील बरेच इराणांत उतरले. तेथून कांहीं आफ्रिकेंत गेले व कांहीं भारतांत आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनीं बालाचडी येथें पोरक्या मुलांस आश्रय दिला. कोल्हापूर संस्थानांत वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका व मुलेंच होतीं. त्यांनीं तेथें काय केलें ? आधीं प्रार्थनामंदिर व शाळा उभारल्या. ज्यांना परत जावयास घर उरलें आहे कीं नाहीं हेंहि ठाऊक नव्हतें, त्यांनीं कोल्हापूरच्या उन्हांत आपल्या लेकरांस पोलिश व्याकरण शिकविलें. पुढें ते पांगले. त्यांच्या जागीं फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले, आणि त्या वस्तीस आतां गांधीनगर म्हणतात. कोल्हापूर शहरांत त्या पोलिश लोकांचें स्मारक आहे, व वॉर्सा शहरांत कोल्हापूरचें. ऑगस्ट १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०२४ मध्यें, भारताच्या पंतप्रधानांनीं वॉर्सा येथील त्या स्मारकास पुष्पचक्र वाहिलें. म्हणजे हें नातें दोन्हीं बाजूंनीं अजून जिवंत आहे.

आतां 'काय उपयोग ?' ह्या प्रश्नाकडे वळतों. हा प्रश्न वाईट नाहीं. ज्याच्या घामाच्या पैशांतून फी जाते त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु जगांत एखाद्या लोकसमूहास हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या, आणि तोहि छडी उगारून, विचारला गेला असेल तर तो पोलिश लोकांस. १७७२, १७९३ व १७९५ असे तीन वेळां रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या शेजाऱ्यांनीं पोलंडचे लचके तोडले, आणि तिसऱ्या खेपेस देशाचें नांवच नकाशावरून गेलें. तें १९१८ सालीं परत आलें. मधल्या १२३ वर्षांत बहुतेक काळ ना स्वतःचा राजा, ना सैन्य, ना नाणें. राहिली ती भाषा. त्या काळांत पोलिश शिकून सरकारी नोकरी मिळण्याची आशा बहुतेक ठिकाणीं नव्हती. वॉर्साचें विद्यापीठ १८१६ सालीं स्थापन झालें, परंतु १८६९ पासून तेथें रशियन भाषेंत शिकविलें जाऊं लागलें. तेव्हां लोकांनीं घराघरांतून चोरून वर्ग चालविले. जागा सारखी बदलावी लागे म्हणून त्या शाळेला 'उडतें विद्यापीठ' असें नांव पडलें. स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते, त्यांनाहि येथें प्रवेश होता. तेथें जाणाऱ्या मुलींत मारिया स्क्लोदोव्स्का नांवाची एक मुलगी होती. तीच पुढें मादाम क्युरी म्हणून प्रसिद्ध झाली. १८९८ सालीं तिनें व तिच्या पतीनें एक नवें मूलद्रव्य शोधून काढलें, व ज्या देशाचें नांव नकाशावर नव्हतें त्याच्या नांवावरून त्यास 'पोलोनियम' असें नांव दिलें. रसायनशास्त्राच्या तासाला हा शब्द पाठ करणाऱ्या मुलांनीं त्याचा हा इतिहास लक्षांत ठेवावा.

परंतु मला स्वतःला सर्वांत अधिक विचार करावयास लावला तो व्झेश्न्या गांवच्या हकीकतीनें, कारण तींत गुन्हेगार आमच्या धंद्याचा आहे. हा गांव त्या काळीं प्रशियाच्या अमलाखालीं होता. शाळेंत बाकीचे सर्व विषय जर्मन भाषेंत शिकवीत. वरच्या वर्गांतील धर्मशिक्षणाचा तास तेवढा पोलिश भाषेंत उरला होता. १९०१ सालीं तोहि जर्मन करण्यांत आला. तेव्हां मुलांनीं जर्मन भाषेंत धडा म्हणण्याचें नाकारलें. त्यांना शाळेंत थांबवून ठेविलें, तरी तीं बोललीं नाहींत. मे महिन्यांत मास्तरांनीं त्यांना छड्या मारिल्या. रडणें ऐकून आईबाप शाळेपुढें जमले, आरडाओरड झाली, आणि खटला झाला तो मात्र पालकांवर. कित्येकांस तुरुंगवास भोगावा लागला. पुढें १९०६ व १९०७ सालीं त्याच प्रांतांत हजारों मुलांनीं ह्याच कारणासाठीं शाळेंत मौन धरिलें.

मी रोज वर्गांत उभा राहणारा मनुष्य आहें, आणि प्रार्थना कशी करावी हेंहि मुलांना सांगत आलों आहें. जी भाषा मूल आईच्या मांडीवर देवाशीं बोलावयास शिकलें, ती त्याच्या तोंडांतून छडीनें बाहेर काढावयाची, हें काम त्या मास्तरांच्या हातून कसें झालें असेल ? त्यांच्या बाजूनें बोलावयाचें तर असें म्हणतां येईल कीं, जर्मन भाषेंत मुलांचें हित आहे, तींत नोकरी आहे, मोठें जग आहे, पोलिश धरून बसून त्यांना काय मिळणार ? आणि येथेंच मला माझाच आवाज ऐकूं आला. आमच्याकडे छडी नाहीं, खटला नाहीं. तरीहि 'मराठी शिकून काय करणार ?' असें म्हणून कित्येक आईबाप मुलाला घरांतहि मराठी बोलूं देत नाहींत. कित्येक गांवांत मराठी शाळेचे वर्ग ओस पडूं लागले आहेत. जो प्रश्न आज आपण परक्या भाषेला विचारतों, तोच उद्यां आपल्या भाषेला विचारला जातो, आणि त्याला पैशांत मोजतां येईल असें उत्तर मिळालें नाहीं म्हणजे ती भाषा घरांतून निघून जाते. म्हणून माझें म्हणणें असें कीं, भाषेचा उपयोग काय ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दिलें, त्यांची भाषा शिकण्यास निघालेल्या मुलीला तोच प्रश्न विचारून परत फिरविणें बरोबर नव्हे.

"पण मास्तर, हा झाला इतिहास. शिकणाराचें पुढें काय होतें ?" असें कोणी विचारील. त्याला एक उदाहरण सांगतों. १९३८ सालीं कारोल वोयतिवा नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा क्राकोव शहरीं आला, व तेथील यागेलोनियन विद्यापीठांत त्यानें आपलें नांव घातलें. आई लहानपणींच गेलेली, थोरला भाऊ गेलेला. वडील तेवढे होते, व तेहि निवृत्तिवेतनावर. अशा मुलानें वैद्यकी किंवा कायदा घ्यावा असें आपण सांगितलें असतें. त्यानें विषय घेतला तो पोलिश भाषा व साहित्य हा. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें. ६ नोव्हेंबर १९३९ रोजीं जर्मनांनीं क्राकोवच्या प्राध्यापकांस व्याख्यानाच्या मिषानें एकत्र बोलाविलें, व तेथल्या तेथें सुमारें १८० जणांस पकडून बंदिवासांत धाडलें. विद्यापीठ बंद पडलें. तो मुलगा दगडाच्या खाणींत व मग रसायनाच्या कारखान्यांत मजुरी करूं लागला, आणि रात्रीं दारें लावून मित्रांबरोबर पोलिश नाटकांचे प्रयोग करूं लागला. हाच मुलगा पुढें १९७८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल झाला. १९८६ सालीं ते भारतांत आले तेव्हां गोवा, मुंबई व पुणें येथेंहि येऊन गेले. पोलिश शिकणारा प्रत्येक जण पोप होतो असें मी म्हणत नाहीं. मी इतकेंच म्हणतों कीं, अठराव्या वर्षीं मनापासून घेतलेला विषय पुढें कोठें कामास येईल हें त्या वर्षीं ना बापास सांगतां येतें, ना मास्तरास.

आतां ह्या विषयांत शिकावयाचें असतें तें काय ? मी त्या मुलीच्या निमित्तानें ह्या भाषेचीं दोन तीन पुस्तकें चाळलीं, आणि मला मोठी गंमत वाटली. इंग्रजी मुलांना पोलिश फार अवघड जाते असें सांगतात. मराठी मुलाला तिच्या कित्येक खोल्यांच्या किल्ल्या जन्मतःच मिळालेल्या आहेत. आपण लहानपणीं विभक्ति घोकतों. पोलिश भाषेंतहि सात विभक्ति आहेत : प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी व संबोधन. पंचमी तेवढी वेगळी नाहीं, तिचें काम षष्ठी करते. आपण 'पुणें' म्हणतों, पण जातों 'पुण्यास'. तसेंच पोलिश मनुष्य आपल्या राजधानीचें नांव बहुतेक विभक्तींत निराळें करतो. लिंगेंहि आपल्यासारखीं तीन. 'मी होतों' असें मुलगा म्हणतो व 'मी होतें' असें मुलगी म्हणते. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाहीं. पोलिशमध्यें मुलगा 'बिवेम' म्हणेल, मुलगी 'बिवाम'. आपल्या 'चार' मधला च निराळा व 'चारा' मधला निराळा, 'जीव' मधला ज निराळा व 'जाळें' मधला निराळा. हे दोन्ही उच्चार पोलिश भाषेंत आहेत, व तेथें ते वेगळ्या अक्षरांनीं लिहितात. वडील मंडळींशीं बोलतांना 'तूं' चालत नाहीं. 'पान' म्हणजे महाशय किंवा 'पानी' म्हणजे बाईसाहेब असें संबोधून तृतीय पुरुषांत बोलावें लागतें. कित्येक शब्द तर संस्कृताचे दूरचे आप्त आहेत. माता ती 'मात्का', भ्राता तो 'ब्रात', विधवा ती 'व्दोवा', अग्नि तो 'ओग्येन्य', नभ तें 'न्येबो' आणि शत तें 'स्तो'. एकाच कुटुंबांतील भावंडें फार वर्षांनीं भेटावीं तसें हें वाटतें.

भाषेबरोबर येतें साहित्य, व साहित्याबरोबर लोकांची रीत. पोलिश भाषेंतलें सर्वांत जुनें लिहिलेलें वाक्य हेन्रिकूफ येथील मठाच्या लॅटिन बखरींत सांपडतें. ही बखर १२७० च्या सुमाराची आहे. तें वाक्य राजाचें नाहीं, धर्मगुरूचें नाहीं. एक शेतकरी दळून थकलेल्या बायकोला सांगतो कीं, आतां जातें मी ओढतों, तूं जरा विसावा घे. जात्यावरच्या ओव्यांच्या देशांतील मुलीला विद्यापीठांत पहिल्याच वर्षीं हें वाक्य भेटेल, आणि आपल्याकडचा एखादा बाप्या असें म्हणाला होता काय, असा विचार तिच्या मनांत आल्याशिवाय राहणार नाहीं. पुढें यान कोखानोव्स्की हा कवि येईल. आपली चिमुकली मुलगी वारली म्हणून त्यानें लिहिलेले विलाप १५८० सालीं छापले गेले. आडाम मित्स्कीयेविच ह्याचें 'पान तादेउश' हें महाकाव्य पोलंडांत नव्हे तर परागंदा स्थितींत पॅरिस येथें १८३४ सालीं प्रसिद्ध झालें. नीरो बादशहाच्या काळच्या ख्रिस्ती मंडळीचा छळ रंगविणारी 'को व्हादिस' ही कादंबरी लिहिणारा शेन्क्येविच ह्याला १९०५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्यामागून रेमोंट, मिवोश, शिंबोर्स्का व तोकार्चुक ह्यांनाहि तें मिळालें. ह्यांचें जें थोडेंबहुत मराठींत आलें, तें बहुधा इंग्रजीच्या वाटेनें आलें. विहिरीवरून सरळ घागर भरून आणणारें कोणी आपल्यांत नको काय ?

रीतिभातींत तर मुलांना मौज वाटेल असें पुष्कळ आहे. नाताळच्या आदल्या रात्रीं पोलिश घरांत पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवावयास बसत नाहीं. जेवणापूर्वीं एक पातळ पोळी मोडून ती सर्वजण एकमेकांस देतात व शुभ चिंतितात. पानांची मांडणी करतांना एक पान जास्त मांडतात. अवचित आलेला पाहुणा रिकामा जाऊं नये म्हणून. आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं लहानथोर एकमेकांच्या अंगावर पाणी उडवितात. आपल्या रंगपंचमीच्या पोरांना तेथें परकें वाटणार नाहीं !

आणखी एक गोष्ट ऋणाची. परक्यांनीं आपली भाषा शिकावी ह्याचें आपणांस कौतुक वाटतें. इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स गोव्यांत येऊन मराठींत 'क्रिस्तपुराण' लिहितात, व तें १६१६ सालीं छापलें जातें. विल्यम केरी मराठीचें व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध करतात. मोल्सवर्थ ह्यांचा कोश १८३१ सालचा, तो अजून आमच्या कपाटांत आहे. पोलिश लोकहि ह्यांत मागें नाहींत. वॉर्सा विद्यापीठांत स्तानिस्वाव शायेर ह्या संस्कृत पंडितानें १९३२ सालीं पौर्वात्य विद्येची संस्था स्थापन केली. व्हांदा दिनोव्स्का ह्या बाई १९३५ सालीं भारतांत आल्या. गांधीजींनीं त्यांना 'उमादेवी' हें नांव दिलें. त्यांनीं भगवद्गीता पोलिश भाषेंत नेली. वॉर्सा येथें जन्मलेले मॉरिस फ्रीडमन हे तर आपल्या साताऱ्याकडील औंध संस्थानांत राहिले, तेथील राजेसाहेबांनीं प्रजेला स्वराज्य दिलें त्या कामीं त्यांनीं साह्य केलें, आणि पुढें मुंबईस निसर्गदत्त महाराजांचीं मराठी संभाषणें त्यांनीं इंग्रजींत उतरविलीं. त्यांचें तें पुस्तक १९७३ सालीं निघालें व देशोदेशीं वाचलें गेलें. ह्या लोकांच्या आईबापांनीं 'संस्कृत शिकून काय करणार ? मराठी शिकून काय करणार ?' असें विचारलें नसेल काय ? त्यांनीं तें ऐकलें असतें तर नुकसान आपलेंहि झालें असतें. घेणें एवढें आणि परतफेड एका 'जेंकुये' एवढी, हा हिशेब मला योग्य वाटत नाहीं.

आतां पालकांच्या खऱ्या चिंतेकडे येतों, कारण तिच्याकडे डोळेझांक करणें म्हणजे अप्रामाणिकपणा होईल. ही वाट सोपी नाहीं. डॉक्टर, इंजिनियर झालेल्यास जशी ठराविक पायरी दिसते, तशी ह्या वाटेवर दिसत नाहीं. भाषांतर, अध्यापन, ग्रंथालयें, वकिलातींची कामें, प्रवासी मंडळींची सोय, दोन देशांतील व्यापार ह्यांत भाषा जाणणाऱ्यास जागा असते, पण ती कोणी ताटांत वाढून देत नाहीं. भाषा अर्धवट आली तर तिचा कांहींच उपयोग नाहीं. आज आपल्याकडचीं पुष्कळ मुलें पोलंडांत इंग्रजीमधून शिकावयास जातात. त्यांतील कित्येक दुकानांत भाकरी मागण्यापुरती पोलिश शिकून परत येतात. तेथें जाऊन तेथील भाषेस वळसा घालून येणें म्हणजे पाहुण्याच्या घरीं जाऊन ओसरीवरूनच परतणें होय. त्यापेक्षां ह्या मुलीचा हेतु मला अधिक सरळ वाटला.

म्हणून मीं तिच्या वडिलांना जें सांगितलें तेंच येथें लिहितों. कर्ज काढून किंवा शेत विकून एकदम परदेशीं धाडूं नये. आधीं येथें एक वर्ष घरीं बसून पाया पक्का करूं द्यावा. तेवढ्यांत आवड खरी कीं उसनी हें तिचें तिलाच कळेल. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठांत स्लाव भाषांच्या विभागांत पोलिश शिकण्याची सोय आहे. परकीयांना पोलिश शिकविण्यासाठीं वॉर्सा विद्यापीठाचें 'पोलोनिकुम' हें केंद्र आहे, व क्राकोव आणि लुब्लिन येथील विद्यापीठांतहि तशी व्यवस्था आहे. परकीयांच्या भाषाज्ञानाची सरकारी परीक्षा २००४ सालापासून होत आली आहे, तेव्हां आपली मजल किती झाली हें तपासावयास मापहि आहे. २०१७ सालीं त्या देशानें शैक्षणिक देवाणघेवाणीसाठीं एक सरकारी संस्था काढली. तिच्या शिष्यवृत्तींचे नियम दर वर्षीं नीट वाचून पाहावे, दलालाच्या तोंडावर विश्वासूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें, मराठी सोडूं नये. जिला स्वतःची भाषा नीट येत नाहीं, ती दुसऱ्याची भाषा आणणार कोठें, आणि ठेवणार कशांत ?

वडिलांनीं सर्व ऐकून घेतलें. लगेच होकार दिला नाहीं. द्यावा असा माझा आग्रहहि नव्हता. ती मुलगी सध्यां येथल्याच कॉलेजांत मराठी विषय घेऊन शिकत आहे, आणि संध्याकाळीं दिवाबत्तीच्या वेळीं वहींत पोलिश विभक्ति लिहिते. मध्यंतरीं वडील रस्त्यांत भेटले. म्हणाले, "सर, अजून तसं मला कांहीं पटलं नाहीं. पण परवां तिनं मला त्या शब्दाचा खरा उच्चार शिकवला. आम्ही इतकीं वर्षं थोडा चुकीचा म्हणत होतों."

विद्यार्थी मित्रहो, तुम्हां सर्वांनीं पोलिश शिकावें असें मी सांगत नाहीं. कोणाला गणित साद घालील, कोणाला शेती, कोणाला सुतारकाम. परंतु एखाद्या विद्येची हांक मनापासून ऐकूं आली, तर ती बाजारांत किती आण्यांना जाते एवढ्यावरूनच तिची किंमत ठरवूं नका. आणि पालकहो, मूल असें कांहीं घेऊन तुमच्यासमोर उभें राहिलें, तर 'काय करणार ?' असें जरूर विचारा. मात्र तो प्रश्न उत्तर ऐकण्यासाठीं विचारा, तोंड बंद करण्यासाठीं विचारूं नका. मीहि यापुढें तसेंच करावयाचें ठरविलें आहे.